बोन्यूर द्यु जूर आणि मार्टिन कार्लिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. परदेशातल्या संग्रहालयात बोन्यूर द्यु जूर हे लिखाणाचं छोटं फ्रेंच मेज पाहून आलेले, फर्निचर डिझाइन शिकणारे, आणि घरात एखादं जुनं मेज असलेले, ज्यांना कुणीतरी ‘हे फ्रेंच आहे बरं का’ असं सांगून ठेवलंय. तिसऱ्या गटानं थेट शेवटाकडे उडी मारली तरी चालेल, पण वाटेत शिक्क्याबद्दलचा भाग वाचूनच पुढे जावं.

बोन्यूर द्यु जूर म्हणजे नेमकं कोणतं मेज?

बायकांसाठी घडवलेलं लिखाणाचं छोटं मेज. पॅरिसमध्ये १७६० च्या दशकात त्याची फॅशन आली. चार सडपातळ पाय, त्यांवर उथळ खणाचं टेबल, आणि टेबलाच्या मागच्या कडेवर एक बुटकं फडताळ किंवा कपाट. खण ओढला की त्यातच लिहायची फळी असते, तिच्यावर चामडं किंवा मखमल. बाजूच्या अरुंद कप्प्यात दौत, ओली शाई सुकवायच्या वाळूची डबी आणि स्पंज. वर पत्रं, छोटी पुस्तकं, शोभेच्या वस्तू. काही मेजांमध्ये प्रसाधनाचं सामानही मावतं.

उंची साधारण ८० सेंमी, रुंदी ६५ सेंमीच्या आसपास. अनेक मेजांची पाठही पुढच्या बाजूसारखीच सजवलेली असते, कारण ते भिंतीला लावून ठेवायचं फर्निचर नव्हतं. नोकर ते उचलून सकाळी खिडकीजवळ आणि संध्याकाळी शेकोटीजवळ नेत.

बायकांसाठी वेगळं मेज कशाला? नाजूक हातांसाठी नाजूक वस्तू, असंच ना?

तसं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. मेज लहान झालं ते मुख्यतः खोल्या लहान झाल्यामुळे. अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या श्रीमंत घरांत मोठी दालनं दाखवण्यापुरती उरली आणि रोजचं जगणं छोट्या खासगी खोल्यांत सरकलं. या खोल्या ऊबदार ठेवायला सोप्या, शिवाय दार लावून बसता येई. अशा खोलीत पुरुषांचं रुंद बुरो प्ला, म्हणजे सपाट पाटाचं मोठं लिखाणाचं मेज ठेवलं तर चालायलाच जागा उरणार नाही.

दुसरं कारण कुलूप. ज्या घरात दिवसभर नोकरचाकरांची ये-जा, तिथं बाईची खासगी गोष्ट म्हणजे खणात ठेवलेली पत्रं आणि त्या खणाची किल्ली. या मेजांची कुलपं बघितलीत तर लक्षात येईल की ती नुसती शोभेची नाहीत.

मार्टिन कार्लिन कोण होता?

अशी मेजं घडवणारा पॅरिसचा कारागीर. जन्म १७३० च्या सुमारास, जर्मन मुलखातल्या फ्रायबुर्गमध्ये. तरुणपणी पॅरिसला आला आणि ज्याँ-फ्रांस्वा ओबेन या नावाजलेल्या कारागिराच्या वर्तुळात शिरला. १७५९ मध्ये त्यानं ओबेनच्या बहिणीशी, मारी-कातरीनशी लग्न केलं. ३० जुलै १७६६ रोजी तो पॅरिसच्या कारागीर संघाचा ‘मास्टर’ झाला, म्हणजे स्वतःच्या नावाचा शिक्का मारण्याचा हक्क त्याला मिळाला. १७८५ च्या मार्चमध्ये तो वारला. मास्टर म्हणून हातात पुरती १९ वर्षंही नाहीत, आणि तेवढ्यात युरोपातलं सगळ्यात उंची छोटं फर्निचर त्याच्या नावावर जमा झालं.

त्याची कार्यशाळा फोबूर सांत-आंत्वान या वस्तीत होती. हा सुतारांचा मोहल्ला. राजवाड्याशी त्याचा थेट व्यवहार जवळजवळ नव्हताच. त्याचं काम जवळपास सगळं व्यापाऱ्यांमार्फत जाई.

ओबेन, रीझनर, लाक्रोआ, कार्लिन ही नावं सारखी एकत्र का येतात?

कारण ते सगळे एकमेकांचे सोयरे होते. ज्याँ-फ्रांस्वा ओबेन मूळचा जर्मन. त्याची बायको फ्रांस्वाज-मार्गरीत वांदेरक्रूझ. तिचा भाऊ रोजे वांदेरक्रूझ, त्यालाच लाक्रोआ म्हणत आणि तोही मोठा एबेनिस्त, म्हणजे विनिअरचं (सांगाड्यावर शोभेच्या लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवण्याचं) काम करणारा उच्च प्रतीचा सुतार. ओबेनची बहीण कार्लिनला दिली. ओबेन १७६३ मध्ये वारला तेव्हा तो कर्जात बुडालेला होता आणि पंधराव्या लुईसाठी घेतलेलं भलंमोठं मेज अर्धवट पडून होतं. ते मेज आज ‘राजाचं मेज’ म्हणूनच ओळखलं जातं.

कार्यशाळेत तेव्हा दोन तगडे कारागीर होते, ज्याँ-फ्रांस्वा लल्यू आणि ज्याँ-आंरी रीझनर. मालक गेल्यावर कार्यशाळा कुणाकडे जाणार आणि विधवा कुणाला होकार देणार, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहिले. दोघांचं भांडण हातघाईवर आलं असं सांगतात. बाजी रीझनरनं मारली. तोही जर्मन, वेस्टफालियातल्या ग्लाडबेकचा, जन्म १७३४ चा. १७६७ मध्ये त्यानं विधवेशी लग्न केलं, १७६८ मध्ये मास्टर झाला आणि १७६९ मध्ये राजाचं मेज पूर्ण करून व्हर्सायला पोचवलं. त्याच्या जडावकामात, म्हणजे रंगीत लाकडांच्या नक्षीत, स्वतःचं नाव आणि ते साल घालायलाही तो विसरला नाही.

कार्लिनच्या घरीही पुढे तेच घडलं. तो वारल्यावर त्याच्या विधवेनं गास्पार श्नायडर या कारागिराशी लग्न केलं आणि कार्यशाळा श्नायडरकडे गेली. याला कुणी संधिसाधूपणा म्हणतं. मला ते पटत नाही. संघाच्या नियमांप्रमाणे विधवेला नवऱ्याची कार्यशाळा चालवता येत असे. लाकडाचा साठा, हत्यारं, गिऱ्हाइकं आणि देणी सगळं तिच्या हातात असे. तिला हाताशी कारागीर हवा आणि कारागिराला मांडलेला धंदा, असा तो रोकडा हिशेब होता. फ्रेंच फर्निचरचा इतिहास पुरुषांच्या शिक्क्यांवरून लिहिला गेला, पण कार्यशाळा एका पिढीतून पुढच्या पिढीत गेल्या त्या या बायकांच्या हातून.

या गोतावळ्याचं आणखी एक टोक: ओबेनची मुलगी व्हिक्तोआर ही चित्रकार यूजेन दलाक्रोआची आई.

मग मेज कार्लिननं एकट्यानं बनवलं का?

नाही, आणि एकट्यानं बनवणं त्याला शक्यही नव्हतं. पॅरिसमधल्या धंद्यांच्या हद्दी संघांनी आखून दिल्या होत्या. भरीव लाकडाच्या खुर्च्या आणि पलंग मेन्युझिए करणार, विनिअरचं काम एबेनिस्त. काशाचे साज ओतणारे वेगळे आणि त्यांच्यावर सोन्याचा मुलामा चढवणारे वेगळे. चामडं, कुलूप, संगमरवर, प्रत्येकाचा धनी निराळा.

हे सगळं जुळवून आणणारा माणूस म्हणजे मार्शां-मेर्सिए, उंची वस्तूंचा व्यापारी. त्याला स्वतः काही बनवायची परवानगी नव्हती, विकायची मात्र सगळ्याची होती. ‘सगळं विकणारे, काहीच न बनवणारे’ हा त्यांच्यावरचा त्या काळचा शेरा प्रसिद्ध आहे. आपल्या मेजामागचा व्यापारी म्हणजे र्यू सांतोनोरे या रस्त्यावरचा सिमाँ-फिलिप प्वारिए. पुढे दोमिनिक दागेर त्याचा भागीदार झाला आणि नंतर दुकान त्यानंच चालवलं. रचना कशी असावी, तिच्यावर काय मढवायचं, कुणाच्या नजरेला ती घालायची हे प्वारिए ठरवणार आणि कार्लिन घडवणार.

म्हणून ‘कार्लिनचं मेज’ म्हणताना एवढं ध्यानात ठेवावं: शिक्का त्याचा, लाकूडकाम त्याच्या कार्यशाळेचं, पण कल्पना आणि भांडवल बहुधा प्वारिएचं. आज सिनेमाच्या दिग्दर्शकाचं नाव घेतो तसं बघायचं झालं तर पोस्टरवर वरचं नाव व्यापाऱ्याचंच लागलं असतं.

लाकडाच्या मेजावर चिनीमातीच्या तबकड्या? ही कल्पना कुणाची?

प्वारिएनं ती धंद्यात रुजवली. सेव्रचा चिनीमातीचा कारखाना राजाच्या मालकीचा होता. तिथं फर्निचरसाठी सपाट तबकड्या खास भाजून घेतल्या जात आणि त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक प्वारिए होता. पांढऱ्या जमिनीवर फुलांचे गुच्छ आणि भोवती बहुतेकदा हिरवी किनार. सपाट तबकडी भट्टीत वाकडी होण्याची भीती फार, त्यामुळे खर्च मोठा.

तबकड्यांची मापं ठरलेली, म्हणून मेजाची चौकटही तबकड्यांच्या मापानं आखावी लागे. एकाच नमुन्याची कार्लिनची दहा-अकरा मेजं आज जगभर विखुरलेली आहेत आणि ती एकमेकांसारखी दिसतात ती यामुळे. मुलामा दिलेल्या काशाच्या पट्ट्या तबकड्यांना धरून ठेवतात आणि सांधाही झाकतात.

माझं मत विचाराल तर कार्लिनची खरी कसोटी या मेजांत आहे. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, चिनीमाती तसूभरही हलत नाही. दोघांना एकाच चौकटीत बसवायचं आणि अडीचशे वर्षांनीही तबकडीला तडा जाऊ द्यायचा नाही, हे जडावाच्या नक्षीपेक्षा अवघड काम आहे.

ही मेजं विकत कोण घेई?

सगळ्यात गाजलेलं गिऱ्हाईक म्हणजे पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी. तिनं १७६८ मध्येच प्वारिएकडून असं मेज घेतलं. पुढे १७७२ मध्ये तिच्यासाठी कार्लिननं तबकड्यांनी मढवलेलं मोठं कमोड, म्हणजे खणांचं बुटकं कपाट केलं. ते लुव्र संग्रहालयात आहे. सोळाव्या लुईच्या आत्यांच्या बेलव्ह्यू इथल्या वाड्यातही कार्लिनचं काम गेलं.

मारी आंत्वानेतचं मेज कार्लिनचंच का?

सोळाव्या लुईच्या या राणीची मेजं अनेक होती आणि ती अनेकांनी केली. लिखाणाचं सगळ्यात प्रसिद्ध मेज आदाम वाइसवाइलरचं आहे, १७८४ चं, दागेरच्या दुकानातून सां-क्लू इथल्या वाड्यासाठी गेलेलं. जपानी लाखकाम, पोलादी पत्रे आणि कोपऱ्यांना काशाच्या स्त्रीमूर्ती असलेलं हे मेजही लुव्रमध्ये आहे. फोंतेनब्लोच्या वाड्यातल्या तिच्या खासगी खोलीसाठी रीझनरनं १७८६ मध्ये शिंपल्यानं मढवलेलं मेज केलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं त्याचं यांत्रिक टेबल १७७८ चं आहे. लिहिणं, वाचणं, सजणं, खाणं सगळं एकाच टेबलावर होईल अशी त्याची कळ आहे.

खालच्या बाजूला शिक्का सापडला. म्हणजे अस्सल ना?

अजून नाही. आधी शिक्का म्हणजे काय ते बघू. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या संघाच्या मास्टरांनी स्वतःच्या नावाचा लोखंडी ठसा कामावर ठोकणं बंधनकारक झालं. संघाच्या तपासनिसांनी काम पास केलं की शेजारी ‘जेएमई’ ही जोडअक्षरं उमटत. ठसा दिसेल अशा जागी नसे. तो आतल्या ओकच्या सांगाड्यावर, संगमरवराच्या खाली किंवा खणाखालच्या पट्टीवर असे. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले आणि सक्तीही संपली.

आता अडचणी. एक, नवरा वारल्यावर विधवा त्याचाच ठसा वापरू शके. ओबेनच्या नावाचा ठसा असलेली काही मेजं त्याच्या मृत्यूनंतरची, म्हणजे रीझनरच्या हातची आहेत. दोन, एकाच वस्तूवर दोन ठसे असू शकतात. पंधराव्या लुईची आधीची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यासाठी केलेल्या, सध्या मेट्रोपॉलिटनमध्ये असलेल्या यांत्रिक टेबलावर ओबेन आणि त्याचा मेव्हणा लाक्रोआ या दोघांचेही ठसे आहेत. तीन, दुरुस्ती करणाराही आपला ठसा मारी. चार, राजाश्रयानं आर्सेनाल किंवा गोबलँसारख्या राजाच्या कार्यशाळांत काम करणारे संघाच्या कक्षेबाहेर होते, त्यामुळे अव्वल दर्जाची काही कामं ठशाशिवायच आहेत. आणि पाच, एकोणिसाव्या शतकात ठशांना भाव आल्यावर खोटे ठसे निघाले ते निघालेच.

थोडक्यात, ठसा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. मेज आधी लाकडावरून ओळखावं, मग ठशाकडे वळावं.

मग अठराव्या शतकाचं की एकोणिसाव्या शतकातली नक्कल, हे ओळखायचं कसं?

नक्कल हा शब्द जरा जपून वापरावा. तिसऱ्या नेपोलियनची बायको, सम्राज्ञी यूजेनी हिला मारी आंत्वानेतचं वेड होतं, आणि तिच्या काळापासून पुढे पॅरिसच्या कार्यशाळांनी जुन्या नमुन्यांवर उत्तम कामं केली. आंरी दासाँ, आल्फ्रेद बरदले, पॉल सोरमानी, फ्रांस्वा लिंक ही नावं आज स्वतःच्या बळावर विकली जातात. त्यांनी फसवलं नाही. पुढच्या विक्रेत्यांनी फसवलं.

बघायचं ते असं. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. हातकरवतीचे ओरखडे सरळ पण असमान असतात, यंत्राच्या गोल करवतीचे कमानीसारखे एका आकाराचे. विनिअरची कड कुठे उचकटली असेल तर तिथं जाडी दिसेल. हातानं चिरलेलं विनिअर जाड, पुष्कळदा दीड मिलिमीटर किंवा जास्त. यंत्राचं कागदासारखं पातळ. स्क्रू काढून बघा, अर्थात जाणकाराकडून. टोकदार, एकसारख्या आट्यांचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. जुन्याची खाच कानसीनं पाडलेली आणि थोडी बाजूला सरकलेली असते.

काशाचे साज उलटे करा. जुना मुलामा पारा आणि सोनं एकत्र कालवून, तापवून पारा उडवून दिलेला. तो उबदार दिसतो आणि मागे लागलेला नसतो तिथं कच्चं धातूकाम दिसतं. (त्या धुरानं मुलामा देणाऱ्यांचं आयुष्य उतरणीला लागे. फर्निचरच्या किमतीत ही किंमत कुणी धरली नाही.) विजेवरचा मुलामा १८४० च्या दशकात आला. तो सगळीकडे सारखा आणि थोडा थंड दिसतो.

सेव्रच्या तबकडीच्या पाठीवर एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘एल’ अक्षरांची खूण आणि वर्षाचं अक्षर असतं. १७५३ साठी ‘ए’ धरून हिशेब चालतो, त्यामुळे ‘पी’ म्हणजे १७६८. ती खूण बघायला तबकडी चौकटीतून काढावी लागते. ते काम घरी करू नका.

मेज मुळात असं तपकिरीच होतं का?

अजिबात नाही. आज जे मधाच्या रंगाचं दिसतं ते तेव्हा भडक होतं. गुलाबी रेघांचं ट्यूलिपवुड, जांभळं ॲमरँथ, हिरवं-निळं रंगवलेलं सिकॅमोर. उजेडानं रंग उडाले. मूळ रंग खणाच्या आत आणि काशाच्या साजांखाली सापडतो. रीझनरच्या कामांवर लंडनच्या वॉलेस कलेक्शननं वॉडस्डन मॅनर आणि ब्रिटिश राजसंग्रहाबरोबर केलेल्या अभ्यासात मूळ रंग संगणकावर पुन्हा उभे केले गेले. ते बघून बऱ्याच रसिकांची अभिरुची दुखावली.

राज्यक्रांतीत या मेजांचं आणि कारागिरांचं काय झालं?

कार्लिन आधीच वारला होता, ते त्याचं नशीब. व्हर्सायच्या सामानाचा लिलाव १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर चालला, १७ हजारांहून जास्त लॉट. व्यापारी मोठ्या प्रमाणावर माल घेऊन गेले. व्हर्सायचं फर्निचर आज लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये दिसतं त्याची सुरुवात तिथं झाली.

रीझनरनं स्वतःची काही कामं लिलावात परत विकत घेतली, पुन्हा दिवस येतील या आशेनं. दिवस आले नाहीत, अभिरुची बदलली होती. मधल्या काळात नव्या सरकारनं त्यालाच फर्निचरवरची राजचिन्हं काढायला लावली. १८०६ मध्ये तो वारला. मादाम द्यु बारीला त्याआधीच, १७९३ च्या डिसेंबरमध्ये, गिलोटिनवर चढवलं होतं.

कुठे पाहता येतील?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन कार्लिनच्या तबकडीच्या मेजांसाठी उत्तम. लंडनमध्ये असाल तर वॉलेस कलेक्शन आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोन्हीकडे कायमचा संग्रह फुकट बघता येतो. पॅरिसला लुव्रच्या सजावटकलेच्या दालनांत जा, मोनालिसाची रांग तिथं नसते.

आमच्या घरात उतरत्या झाकणाचं जुनं शिसवी मेज आहे. ते फ्रेंच असेल का?

शक्यता फार कमी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव शिसवी फर्निचर मोठ्या प्रमाणावर होत असे आणि युरोपियन नमुन्यांवर मेजंही होत. पॅरिसचा सांगाडा बहुतेकदा ओकचा असतो आणि शोभेचं लाकूड वरून चिकटवलेलं. तुमचं मेज आतूनबाहेरून भरीव शिसव किंवा सागवान असेल तर ते इथलंच. त्यात कमीपणा काही नाही, उलट मुंबईच्या कामाचे स्वतंत्र संग्राहक आहेत.

एक नातं मात्र खरं आहे. पॅरिसचं ट्यूलिपवुड आणि किंगवुड ही ब्राझीलची लाकडं आपल्या शिसवीच्याच प्रजातीतली, डाल्बर्जियातली. २०१७ पासून ही सगळी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे. त्यामुळे असं मेज देशाबाहेर न्यायचं किंवा बाहेरून आणायचं असेल तर कागदपत्रं आधी बघा. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारल्याशिवाय पॅकिंग करू नका.

पावसाळ्यात विनिअर उचकटतंय. फेव्हिकॉल लावू का?

नको. जुन्या मेजांत सरस वापरलेला असतो. सरस ओल आणि ऊब मिळाली की सैल होतो, हा त्याचा दोषही आहे आणि गुणही, कारण पुढचा कारागीर तो सांधा उघडून पुन्हा नीट बसवू शकतो. आधुनिक गोंद एकदा बसला की निघताना विनिअर घेऊनच निघतो. उचकटलेले तुकडे पाकिटात जपून ठेवा, पाकिटावर कुठला तुकडा कुठला ते लिहा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

मेज बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, एसीच्या झोतात ठेवू नका. दिवसभर एसी आणि रात्री बंद असा खेळ लाकडाला सतत दमटपणापेक्षा जास्त त्रास देतो. कोकणात आणि मुंबईत पाय जमिनीवरून किंचित उचलून ठेवले तर वाळवीची चाहूल लवकर लागते.

चकाचक पॉलिश करून घ्यावं का?

फ्रेंच पॉलिश नाव असलं तरी ही आरशासारखी चमक एकोणिसाव्या शतकाची. तिच्यात जी लाख असते ती पुष्कळदा आपल्याच देशातून गेलेली. कार्लिनच्या काळचा पृष्ठभाग इतका चमकत नसे. जुना थर घासून काढला की वय सांगणारा पुरावाही जातो आणि किंमतही. मऊ कोरड्या कापडानं धूळ पुसा, फर्निचरचे फवारे लांब ठेवा.

किंमत किती येईल?

ठसा, तबकड्या मूळच्या आहेत का, आणि वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची अखंड नोंद, या तीन गोष्टींवर किंमत हजारपट बदलते. फोटो पाठवून कुणी आकडा सांगितला तर तो आकडा विसरून जा.